आरमोगमची भिंत

आरमोगमला मी आयुष्यात एकदाही काका म्हटलं नाही. आमच्या बेटावरच्या लंबासा गावात वयाने मोठा दिसला की काका म्हणायची रीत आहे, मग तो बाजारात वांगी विकत असो नाहीतर शाळेत गणित शिकवत असो. आरमोगमसाठी मात्र माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. 'ए आरमोगम' म्हणायची सोय नव्हती, कारण बाबांनी माझ्या कानाखाली काढली असती, तीही मी तिशीला टेकलेला असताना. म्हणून मी त्याला काहीच म्हणत नसे. काम पडलं की खाकरायचो. तोही मला नावाने हाक मारत नसे. त्याच्या लेखी मी 'जगदेवचा'. ते ऐकलं की माझं टाळकं सटकायचं.

बाजाराच्या मागे, नदीला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. पूर आला की शेडमध्ये गुडघाभर गाळ भरतो, आणि पाणी ओसरलं की त्याचा हंगाम सुरू होतो, कारण गावातल्या निम्म्या गाड्यांच्या सेल्फमध्ये तोच गाळ शिरलेला असतो. चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देतो तो सेल्फ. एवढी एकच वस्तू हा माणूस दुरुस्त करतो. ब्रेकचं विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करतो, हॉर्नचं विचारलं तर शिवी देतो.

दिसायला वाळका, कायम बनियनवर. चष्म्याची काडी मोडली त्याला कितीतरी वर्षं झाली, ती जळक्या सेल्फमधून काढलेल्या तांब्याच्या तारेने बांधली आहे. आधी तो एका लाकडाच्या मिलमध्ये विजेच्या खात्यात होता. तिथून भांडून निघाला. फोरमनने चालत नसलेल्या मोटरला लाथ मारली, हे त्या भांडणाचं कारण. मुलीने एकदा सिडनीला बोलावलं, तीन महिन्यांसाठी. हा तिसऱ्या आठवड्यात परत. म्हणे, जावयाने अख्खा सेल्फ कचऱ्यात टाकला, आणि आत फक्त कार्बनच्या बोटभर कांड्या झिजल्या होत्या. अर्ध्या तासाचं काम. तेव्हापासून जावयाशी बोलणं बंद. नातवंडांची तोंडं फोनवर बघतो आणि मागून जावयाचा आवाज आला की फोन बायकोकडे देतो.

त्याची बायको पोन्नम्मा शेडच्या दारात भजी तळते. ती इतकी गोड बोलते की लोक म्हणतात, घरातलं सगळं गोड तिच्या वाट्याला आलं. ती नसती तर आरमोगमच्या शेडकडे कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं, असं मी म्हणत असे. पण हे खोटं होतं. लोक जायचे, कारण त्याने हात लावलेला सेल्फ पाच-पाच वर्षं कुरकुर करत नाही. ही गोष्ट मला कबूल करायला जड जाते.

त्याच्याकडे गाडी न्यायची नाही. ज्याचा सेल्फ त्याने काढायचा, आणि हातात धरून आणायचा. तो आधी घ्यायचाच नाही, नुसता बघायचा.

"बॅटरीची मायनस वायर आधी सोडली होतीस?"

"नाही."

"मग जिवंत कसा आलास?"

हा पहिला प्रश्न. मग तो सेल्फ उलटासुलटा करायचा, पुढचं दातेरी चाक अंगठ्याने फिरवायचा, नाक लावून आतून जळका वास येतो का बघायचा. मग पाठ फडक्याने पुसायचा आणि दुसरा प्रश्न, चष्म्यावरून बघत: "कोणी मारलं?"

हे मारण्याचं प्रकरण सांगितलं पाहिजे. आमच्या स्टँडवर टॅक्सी रांगेत लागतात. पुढची गेली की मागच्याने एक गाडीभर पुढे सरकायचं. इंजिन बंद, इंजिन सुरू, दिवसातून पन्नास-साठ वेळा. सेल्फ झिजणार नाही तर काय होईल. मग एखाद्या दिवशी चावी फिरवली की नुसतं 'कट्' होतं आणि गाडी ढिम्म. मागचे हॉर्न मारतात, गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीत बसतं. अशा वेळी सीटखालची हातोडी काढायची, बॉनेट उघडायचं, सेल्फच्या पाठीवर दोन ठोके द्यायचे. गाडी सुरू. आमच्या आज्यांच्या काळापासून हेच चालत आलंय. स्टँडवर नवी टॅक्सी आली की नारळ फोडतात, हळदकुंकू लावतात आणि बाकीचे ड्रायव्हर मिळून सीटखाली नवी हातोडी ठेवतात.

आरमोगमचं म्हणणं, ते दिवस गेले. जुन्या सेल्फमध्ये तांब्याची जाडजूड वेटोळी असायची, ती मार खाऊन घ्यायची. आताच्यांत त्या जागी लोहचुंबकाच्या चकत्या चिकटवलेल्या असतात, कपबशीसारख्या ठिसूळ. नशिबाने गाडी एकदा सुरू होईल, नाहीतर चकती फुटून तुकडे आतच अडकतील आणि सेल्फ मेला. हे त्याने स्टँडवर येऊन सांगितलं होतं, ओरडून. आम्ही हसलो. त्यानंतर त्याने भिंत सुरू केली.

मारून मेलेला सेल्फ आला की तो मालकाला नाव विचारायचा. पांढरा रंग, जाड ब्रश. सेल्फवर नाव, खाली एकच शब्द: 'मारला'. मग खिळ्याला टांगायचा, रस्त्यावरून दिसेल असा. नाव सांगितल्याशिवाय दुसरा सेल्फ मिळायचा नाही. त्या भिंतीवर एक हेडमास्तर आहे, एक पंडित आहे, एक हवालदार आहे. सगळे मिळून एकवीस. आणि वरून दुसऱ्या ओळीत, कोपऱ्यात: 'जगदेव. मारला.'

जगदेव म्हणजे माझे बाबा.

बाबांच्या गाडीत हातोडी नव्हती. स्टँडवाल्यांनी दिलेली त्यांनी घरी आणून खिळे ठोकायला वापरली. सकाळी गाडी पुसताना ते बॉनेट उघडून बॅटरीची टोकं साफ करायचे, सेल्फवर तेल ठिबकलं असेल तर टिपायचे. चावी फिरवताना मनात दहापर्यंत मोजायचे, त्याच्यावर एक क्षण नाही. "त्याला दम घेऊ दे," म्हणायचे. आई सांगते, लग्नानंतर तिने त्यांना कोणावर हात उगारताना पाहिलं नाही, दारातल्या कुत्र्यावरसुद्धा नाही.

तो सेल्फ मी मारला होता.

अकरा वर्षं झाली. शनिवारी बाबा देवळात जायचे आणि टॅक्सी मी चालवायचो. हातोडी मी स्वतःची आणली होती, सीटखाली फडक्यात गुंडाळून, त्यांना न सांगता. त्या दिवशी सेआंगांगाची एक बाई दालोच्या, म्हणजे इकडच्या अळकुड्यांच्या, दोन गोण्या घेऊन बसली, लांबचं भाडं, आणि चावी फिरवली तर 'कट्'. बाई म्हणाली, "भैया, दुसरी बघू का?" माझं डोकं फिरलं. तीन ठोके घातले, सगळ्या ताकदीने. गाडी सुरू झाली नाही. बाई उतरली, गोण्यांसकट.

बाबांना म्हणालो, "सेल्फ गेला." त्यांनी काही विचारलं नाही. स्वतः गाडीखाली शिरून काढला आणि आम्ही दोघं आरमोगमकडे गेलो. त्याने पाठ पुसली. खड्डा दिसला. "कोणी मारलं, जगदेव?" बाबांनी खड्ड्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "मी."

मी तोंड उघडलं असतं तर? उघडलं नाही. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर पोचलो तर इलाइतियाने बाबांना नवं नाव ठेवलेलं होतं. इलाइतिया हा आमच्या स्टँडवरचा काईवीती, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतला ड्रायव्हर, माझ्यापेक्षा चांगली हिंदी बोलतो, आणि मला तवाले म्हणतो, म्हणजे ज्याची कितीही टर उडवली तरी चालते असा नातलग. तो बाबांना बघून ओरडला, "या, हातोडीबाबा!" सगळे हसले. बाबाही हसले. पुढची दहा वर्षं ते हातोडी होते. गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, हातोडी आहे का स्टँडवर? गावातला सगळ्यात सांभाळून गाडी चालवणारा माणूस. आणि मी राग कोणावर काढला, तर आरमोगमवर. रंग त्याचा, भिंत त्याची, ब्रश त्याचा. माझा त्यात काय संबंध, असं मी स्वतःला इतक्या वेळा बजावलं की मला ते खरंच वाटायला लागलं.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांना अंगणातून उचलत होतो तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चला, हातोडी गेला." प्रेमानेच म्हणालं असेल. पण ते आईने ऐकलं.

वर्ष भरत आलं, बरखीचा दिवस ठरला, रविवार. त्याच्या आधीच्या सोमवारी आई मला म्हणाली, "बरखीच्या आधी ते नाव खाली उतरव. ज्याने कधी हात उगारला नाही त्याचं नाव मारणाऱ्यांत नको. मला पिंडाच्या वेळी तेच डोळ्यांसमोर येईल." मी म्हटलं, उतरवतो. दुसरं काय म्हणणार होतो?

मंगळवारी गेलो. आरमोगम बाकावर बसून कार्बन घासत होता. दोन-तीन रिकामटेकडे बादलीत नंगोना, ती गुंगी आणणारी मुळाची पूड, कालवून पीत होते. मी खाकरलो.

"सेल्फ कुठाय, जगदेवचा?"

"सेल्फ नाही आणला. बाबांचा खाली काढायचाय. रविवारी बरखी आहे."

"बरखी आहे तर जेवायला बोलव. भिंतीला हात लावायचा नाही."

"मेलेल्या माणसाची अब्रू टांगून ठेवलीय तुम्ही. लाज वाटत नाही?"

"जिवंत होता तेव्हा इथून रोज जायचा. एकदा तरी म्हणाला का, काढ म्हणून? त्याने त्याच्या तोंडाने सांगितलं, मी लिहिलं."

"चुकीचं लिहिलंत."

त्याने घासणं थांबवलं. "असं? मग बरोबर काय ते सांग. रंग ओला आहे."

बादलीभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईचा चेहरा आठवला, आणि तरीही माझ्या तोंडातून सत्य सोडून सगळं बाहेर पडलं. "तू कोण रे लोकांचा न्याय करणारा? सख्ख्या जावयाला तुझं तोंड बघवत नाही. एक दिवस पुरात वाहून जाशील ह्या भंगारासकट, आणि शोधायला कोणी येणार नाही!"

"चाळीस वर्षं पुरात बसलोय," तो म्हणाला. "तू एवढ्याशा पाण्यात बुडतोस."

पोन्नम्मा कढईपासून उठून आली. "बाळा, गरम भजी खाऊन जा, त्याचं काय मनावर घेतोस..." मी तिच्या हातातला कागद ढकलला. दोन भजी मातीत पडली. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं, बाकी कशाबद्दल नाही.

आईला सांगितलं, ऐकत नाही म्हातारा, हलकट आहे. आई म्हणाली, "मी जाते." मी म्हटलं, "तू नको जाऊस." इतक्या जोरात म्हटलं की ती माझ्याकडे बघत राहिली.

शुक्रवारी मी रांगेत तिसरा होतो. शनिवारी नंबोवालूला बोटीवर मामाला आणायला जायचं होतं, म्हणून गाडी ठणठणीत हवी होती. दुसरी गाडी हलली, मी चावी फिरवली. 'कट्'. परत फिरवली. 'कट्'. मागे इलाइतिया.

"तवाले, झोपलास काय? सरक!"

"सेल्फ लागत नाही."

"मग दे की दोन. खानदानी कला आहे तुमची!"

सगळी रांग खदखदून हसली. मला ठाऊक होतं, मारायचं नाही. अकरा वर्षं ठाऊक होतं. पण मी बॉनेट उघडलं, हातोडी काढली, आणि आरमोगमवरचा, इलाइतियावरचा, स्वतःवरचा सगळा राग त्या लोखंडावर काढला. चौथ्या ठोक्याला आत काहीतरी खुळखुळलं. चावी फिरवली तर आता 'कट्'सुद्धा नाही.

दुकानात विचारलं. नवा सेल्फ पुढच्या गुरुवारच्या बोटीने. आज-उद्यात मिळेल असा सेल्फ गावात एकाच ठिकाणी होता.

मायनस सोडली, जाड वायर सोडली, दोन बोल्ट काढले आणि सेल्फ हातात घेऊन निघालो. आत चुंबकाचे तुकडे वाजत होते. इलाइतिया मागोमाग आलाच, तमाशा बघायला. शेडमध्ये शुक्रवारची गर्दी, पलीकडे एक जण लोखंडी उखळीत नंगोना कुटत होता. मी सेल्फ टेबलावर ठेवला. खाकरलो नाही, गरज नव्हती.

"मायनस?"

"सोडली."

त्याने तो कानाशी धरून हलवला. पाठ पुसली. खड्ड्यावर अंगठा फिरवला, सावकाश, कडेकडेने. मग उठला, काठीने भिंतीवरून बाबांचा सेल्फ उतरवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोन्हींवरचे खड्डे एकाच बाजूला, एकाच तिरक्या रेषेत. मी डावखुरा आहे. बाबा नव्हते.

"सोबो!" इलाइतिया पुटपुटला. "जुळे आहेत की."

आरमोगमने रंगाचा डबा उघडला. "नाव?"

"तुम्हाला माहितेय."

"मला जगदेवचा माहितेय. जगदेवचा म्हणून मी भिंतीवर लिहीत नाही. माणसाला नाव असतं."

"शलेंद्र."

"जोरात बोल, उखळीचा आवाज आहे."

"शलेंद्र!"

त्याने मी आणलेल्या सेल्फवर नाव लिहिलं, खाली 'मारला' लिहिलं, फुंकर मारली. मग ब्रशचं टोक बाबांच्या सेल्फकडे केलं. "आणि हा?"

कुटणारा थांबला. मला वाटलं, पळून जावं. मामाला बसने आणता येईल, आईला काहीही सांगता येईल. मग वाटलं, रविवारी पिंडापुढे मलाच बसायचंय, हेच हात घेऊन.

"तोही मीच मारला," मी म्हणालो. "बाबांनी नाही. बाबांनी कधीच नाही."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो की आता हा म्हातारा बोलेल, अकरा वर्षांचं साठलेलं ओकेल. त्याने फक्त बाबांचा सेल्फ उचलला आणि उलटा केला. भिंतीकडची बाजू वर आली. तिच्यावर पुराचा गाळ वाळला होता. त्याने फडकं ओलं करून पुसलं. खाली जुना, पिवळा पडलेला पांढरा रंग होता. शलेंद्र. मारला. आणि हा माणूस आत्ता मला नाव विचारत होता.

"पुढच्या बाजूला मालक सांगतो ते लिहितो," तो म्हणाला. "मागच्या बाजूला मला दिसतं ते."

"बाबांना माहीत होतं?"

"त्याच्यासमोर लिहिलं. तू तेव्हा बाहेर जाऊन उभा होतास. तो म्हणाला, ही बाजू भिंतीकडे राहू दे. मी म्हटलं, किती दिवस? म्हणाला, पोरगा स्वतः येईल सांगायला, तेव्हा फिरव." आरमोगमने ब्रश घासलेटात बुडवला. "दर दिवाळीला मिठाई घेऊन यायचा. डबा इथे ठेवायचा आणि विचारायचा, आला होता का?"

दहा दिवाळ्या. दर दिवाळीला बाबा "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणायचे, आणि मी म्हणायचो, लवकर या, पूजा आहे.

"तुम्ही मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"मी का सांगू? माझा सेल्फ होता? माझा बाप होता?"

ह्यावर त्याला ठोसा मारावासा वाटला. आजही वाटतो. त्याने खालच्या फळीवरून दुरुस्त केलेला एक सेल्फ काढला, शिकंज्यात आवळला, बॅटरीच्या वायरी लावून दोनदा फिरवून दाखवला. मग कोणाच्या गाडीसाठी पहिल्यांदाच स्वतः शेडबाहेर पडला, स्टँडपर्यंत चालत आला आणि माझ्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. मायनसची वायर जिथे गाडीच्या अंगाला जोडतात तिथे त्याने बोटाने ओढली. ती गंजून भुगा झालेली होती, हातातच आली.

"हे बघ," तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला. "अर्थची वायर सडलीय! सेल्फ चांगला होता. चांगल्या सेल्फला मारलंस, गाढवा! वायर तरी बघायची होतीस!"

वायर त्यानेच बदलली. त्याने दिलेला सेल्फ मी बसवला, दर बोल्टला त्याच्या शिव्या खात. चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात लागलं. तो म्हणाला, "दहा मोजून सोडायची चावी. दम घेऊ दे त्याला." हे बाबांचं वाक्य होतं, की मुळात ह्याचंच, ते मी विचारलं नाही.

घरी आईला सांगितलं. ती बरखीच्या डाळी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. "अकरा वर्षं?" एवढंच म्हणाली, आणि परत खडे काढायला लागली. रविवारी आरमोगम आणि पोन्नम्मा आले. त्याने पोटभर जेवून वर सांगितलं की भोपळ्यात मीठ कमी आहे. आई म्हणाली, "असेल." माझ्या पानात तिने वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिला परत नीट बोलायला दोन महिने लागले.

स्टँडवर आता हातोडी मी आहे. इलाइतिया म्हणतो, हे नाव योग्य माणसाला मिळायला फार उशीर झाला. बाबांना आता तिथे जगदेवकाका म्हणतात, त्यांचा विषय निघाला तर. आणि भिंतीवर दोन सेल्फवर माझं नाव आहे. जुन्यावर बाबांचं नाव अजून आहे, भिंतीकडच्या बाजूला, अकरा वर्षं माझं होतं तिथे.

दिवाळीला आईने मिठाईचा डबा भरून माझ्या हातात दिला. कुठे न्यायचा ते सांगितलं नाही. मी नेला. आरमोगम पाठमोरा बसून काहीतरी घासत होता. डबा टेबलावर ठेवला आणि, काय करणार, खाकरलो.

त्याने डबा ओळखला असावा. हात न धुता झाकण उघडलं, एक लाडू उचलला, आणि भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "आला होता, जगदेव."